छत्तीस इंचांचा हिशेब

गिरगावात केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून गणपती बसतो. मूर्ती लहान, निघते पालखीतून, आणि तिचा सगळा भार माणसांच्या खांद्यांवर असतो. पालखी कलली तर ज्याच्या खांद्याला जड लागतं तो तत्क्षणी सावरतो. पुढे चिंचपोकळीचं मंडळ १९२० साली, लालबागच्या गणेशगल्लीचं १९२८ साली आणि लालबागचा राजा १९३४ साली सुरू झाला. मूर्ती वाढत गेल्या. १९७७ साली गणेशगल्लीत मूर्तिकार दीनानाथ वेलिंग यांनी २२ फुटांची मूर्ती उभी केली आणि त्यानंतर उंचीचं आकर्षण गिरणगावातून गिरगाव-खेतवाडीपर्यंत सगळीकडे पसरलं. एवढा गणपती खांद्यावर येत नाही. तो चाकांवर येतो. चाकांना जड-हलकं कळत नाही, म्हणून खांदा जे आपोआप करायचा ते आता आधी बसून, मापं घेऊन करावं लागतं.

करोनाच्या दोन वर्षांत, २०२० आणि २०२१ मध्ये, सार्वजनिक मूर्तीला ४ फुटांची मर्यादा होती. २०२२ मध्ये ती उठली आणि परळ-लालबागच्या कारखान्यांतून पुन्हा उंच मूर्ती निघू लागल्या. आगमनाच्या शनिवार-रविवारी डॉ. बाबासाहेब आंबेडकर रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. सगळ्यांचे डोळे मूर्तीच्या मुखाकडे असतात, आणि ते तसेच असायला हवेत. पण मंडळातल्या निदान चार जणांनी त्या दिवशी वर न बघता खाली, ट्रॉलीच्या चाकांकडे बघत चालायला हवं. हा लेख त्या चौघांसाठी आहे.

आधी मूर्तीच्या पोटात काय असतं ते पाहू. प्लास्टर ऑफ पॅरिसची मोठी मूर्ती भरीव नसते. साच्यात प्लास्टर आणि काथ्या यांचे थर देऊन अंगाचे भाग काढतात, ते जोडतात, आणि आतून लाकूड, बांबू किंवा लोखंडाचा सांगाडा त्यांना धरून ठेवतो. त्यामुळे ती दिसते त्यापेक्षा हलकी असते, पण वजन सगळीकडे सारखं नसतं. मांडी घालून बसलेल्या गणपतीचं बरंचसं वजन खाली, बैठकीत आणि पोटात राहतं. उभ्या मूर्तीचं वजन वर सरकतं. एका पायावर नाचणारी मूर्ती, एका बाजूला झेपावणारं वाहन, पुढे काढलेला शस्त्रधारी हात, मागची भलीमोठी प्रभावळ, यांपैकी प्रत्येक गोष्ट वजनाचा मध्य मूर्तीच्या नाकाच्या रेषेतून बाहेर ओढते. बघणाऱ्याला मूर्ती मधोमध दिसते, पण वजन मधोमध असेलच असं नाही. शाडूची मूर्ती तर त्याच उंचीला पुष्कळ जड भरते. म्हणून मूर्तीचं साहित्य बदललं तर गेल्या वर्षीचा अंदाज या वर्षी चालत नाही.

सगळ्या वजनाचा मिळून जो एक मध्यबिंदू असतो त्याला गुरुत्वमध्य म्हणतात. गवंडी भिंत सरळ आहे का हे ओळंबा सोडून बघतो. तसाच एक ओळंबा या बिंदूतून जमिनीवर सोडला आहे असं समजा. ट्रॉलीची चारही चाकं जमिनीला जिथे टेकतात ते बिंदू जोडले की एक चौकोन होतो. ओळंबा त्या चौकोनाच्या आत आहे तोवर ट्रॉली उभी राहते, तो बाहेर गेला की ती पडते. मूर्ती ५ टनांची असो की ५० किलोची, नियम हाच. मूर्ती वजनामुळे पडत नाही, वजन कुठे आहे त्यावरून पडते. ओळंब्यापासून चाकाच्या रेषेपर्यंत किती इंच शिल्लक आहेत, एवढाच प्रश्न सतत विचारायचा असतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून बघू. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत, प्रत्येक मंडळाने त्या जागी आपले घालावेत. समजा २० फुटांची मूर्ती ३००० किलोची आहे आणि ट्रॉलीवर चढवल्यावर तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ११ फुटांवर येतो. लोखंडी ट्रॉली २००० किलोची, तिचा गुरुत्वमध्य २ फुटांवर. दोघांचा मिळून मध्य काढायचा तर वजन गुणिले उंची करून बेरीज घ्यायची आणि एकूण वजनाने भागायचं. ३००० गुणिले ११ म्हणजे ३३,०००, २००० गुणिले २ म्हणजे ४०००, एकूण ३७,०००. त्याला ५००० ने भागलं की ७.४ फूट, म्हणजे साधारण ८९ इंच. डाव्या आणि उजव्या चाकांत ६ फुटांचं अंतर असेल तर मधल्या रेषेपासून चाकापर्यंत ३ फूट, म्हणजे ३६ इंच मिळतात. हीच आपली शिल्लक. आता ती कशी खर्च होते ते बघा.

मूर्तीचं वजन एका अंगाला ६ इंच सरकलेलं आहे, समजा वाहन डावीकडे आहे म्हणून. ट्रॉलीचं वजन मधोमध असल्यामुळे दोघांचा मिळून मध्य ३.६ इंच सरकतो. शिल्लक ३२. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधोमध उंच आणि कडेला उतरता असतो. दर ३० फुटांना १ फूट असा उतार धरला तर ८९ इंच उंचीवरचा बिंदू ३ इंच कडेकडे जातो. शिल्लक २९. आता त्याच बाजूचं चाक ४ इंच खोल खड्ड्यात उतरलं. चाकांमधलं अंतर ७२ इंच, उंची ८९ इंच, म्हणजे मध्य ५ इंच सरकला. पण चाक खड्ड्यात अलगद उतरत नाही, आदळतं. आदळल्यावर वरचा भार झोल खातो आणि तो झोल क्षणभर दुपटीपर्यंत जाऊ शकतो, म्हणून इथे ५ नव्हे, १० इंच धरायचे. शिल्लक १९. आणि त्याच वेळी ट्रॉलीच्या त्या कडेवर दहा कार्यकर्ते उभे आहेत, प्रत्येकी ६५ किलोचे. ६५० किलो वजन ३६ इंचांवर बसलं की एकूण मध्य आणखी ४ इंच जातो. ३६ इंचांतले उरले १५.

पंधरा इंच पुरेसे आहेत. पण हे जड आणि रुंद ट्रॉलीचं गणित झालं. आता तीच मूर्ती ५०० किलोच्या हलक्या ट्रॉलीवर ठेवा आणि चाकांमधलं अंतर ६ ऐवजी ५ फूट करा. एकत्रित गुरुत्वमध्य ७.४ वरून ९.७ फुटांवर चढतो आणि सुरुवातीची शिल्लक ३० इंचांवर येते. बाजूला सरकलेल्या वजनाचे ५ इंच, रस्त्याच्या उताराचे ४, खड्ड्याचे साडेपंधरा, दहा माणसांचे पावणेपाच. बेरीज २९ च्या वर जाते. मूर्ती तीच, रस्ता तोच, खड्डाही तोच, आणि हातात एक इंचसुद्धा उरत नाही. ट्रॉली हलकी म्हणजे ओढायला सोपी, असं म्हणून जे मंडळ पैसे वाचवतं त्याने हा फरक वहीत मांडून बघावा. खाली असलेलं जड लोखंड मूर्तीच्या बाजूने काम करतं. ट्रॉली बदलणं शक्य नसेल तर तिच्या तळाशी, चाकांच्या जितकं जवळ जमेल तितकं, वाळूची पोती घट्ट बांधून ठेवावीत. चाकं आणि सांगाडा तो जादा भार पेलतील का हे मात्र फॅब्रिकेटरला आधी विचारावं.

या हिशेबात एक खर्च असा आहे की जो एका शब्दाने वाचवता येतो, तो म्हणजे कडेवर चढलेली माणसं. तारा वर करायला बांबू घेतलेला माणूस लागतो, तो मधल्या रेषेवर असावा. बाकी कुणीही ट्रॉलीवर नको. मला हे फार तीव्रतेने वाटतं, कारण रस्त्याचा खड्डा आपल्या हातात नसतो आणि कडेवरची माणसं असतात. शिवाय माणसं वाळूच्या पोत्यांसारखी एका जागी थांबत नाहीत. ट्रॉली ज्या बाजूला कलते त्याच बाजूला सगळे वाकून बघतात.

प्रत्यक्ष वजन कसं कळणार? कारखान्यातून निघण्याआधी मूर्तिकाराला विचारावं, कारण आत किती लोखंड गेलं हे त्यालाच माहीत असतं. त्यापेक्षा पक्कं म्हणजे ट्रकचा वजनकाटा. मोठी मूर्ती तिथवर नेणं जमणार नाही, पण रिकामी ट्रॉली आधीच नेऊन तिचं वजन करून ठेवता येतं. लहान आणि मध्यम मूर्तीची भरलेली ट्रॉलीही काट्यावर चढवता येते. पूर्ण वजन झालं की फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून वजन घ्यायचं, मग फक्त मागची. पुढच्या-मागच्या चाकांत १२ फूट अंतर असेल आणि ३००० किलोची मूर्ती बरोबर मध्यावर असेल तर तिचे दोन्हीकडे दीड-दीड हजार किलो पडतात. मूर्ती २ फूट मागे सरकली तर मागे २००० आणि पुढे १०००. पुढची चाकं अशी हलकी पडली की वळताना ती रस्ता नीट धरत नाहीत आणि ट्रॉली मनासारखी वळत नाही. काटा मिळालाच नाही तर सपाट जमिनीवर चारही टायर किती दबलेत ते बघावं. हवा सारखी असताना एक टायर जास्त पसरला असेल तर वजन तिकडे आहे.

आता ट्रॉली हलू लागली असं धरू. दक्षिणेकडे जाणाऱ्या मिरवणुकीची वाट साधी नाही. लालबागचा राजा भारतमाता सिनेमा, साने गुरुजी मार्ग, भायखळा स्टेशन, क्लेअर रोड, नागपाडा, डंकन रोड, दोन टाकी, माधवबाग, सी. पी. टँक, व्ही. पी. रोड, ऑपेरा हाऊस असं करत गिरगाव चौपाटीला पोचतो. या भागात रेल्वे ओलांडायची म्हणजे पूल आले, आणि रेल्वेचे जुने पूल कमानीसारखे चढतात, उतरतात. चढताना भार मागच्या चाकांवर जातो, उतरताना पुढच्या. २० फुटांना १ फूट असा उतार असेल तर आपल्या ५ टनांच्या ट्रॉलीवर साधारण १५० किलो वजन एका आसावरून दुसऱ्यावर जातं. हे फार नाही. पण चालती ट्रॉली झटका देऊन थांबवली तर त्याच्या चौपट, सहाशे किलोंच्या आसपास भार पुढे फेकला जातो. म्हणजे उतारापेक्षा झटका वाईट.

उतारावरचा खरा धोका निसटण्याचा असतो. २०:१ च्या उतारावर ५ टनांची ट्रॉली २५० किलो जोराने खाली ओढते. मागे दोर धरलेली वीस माणसं ती सहज थोपवतात. पण सगळे पाच सेकंद गाफील राहिले तर ट्रॉलीचा वेग माणसाच्या चालीच्या पुढे जातो, आणि मग तिला आठेक फुटांत थांबवायला आठ-नऊशे किलोंचा जोर लागतो. तेवढा जोर दोराला आला की तो हाताची कातडी सोलून निघून जातो. म्हणून पुढे ओढणाऱ्यांइतकीच मागे धरणारी माणसं अनुभवी हवीत, आणि प्रत्येक चाकामागे लाकडी ठोकळा घेतलेला एक जण हवा. जळगावचा श्रीरामरथ १८७२ पासून निघतो. चाकाखाली मोगरी, म्हणजे लाकडी ठोकळा, लावून तो थांबवतात आणि वळवतात, आणि मोगरी लावणाऱ्याला तिथे मान असतो. आपल्याकडे ठोकळेवाल्याला तो मान मिळायला हवा.

दोर कुठे बांधला आहे यालाही महत्त्व आहे. तो ट्रॉलीच्या सांगाड्याला, चाकांच्या पातळीवर बांधावा. मूर्तीच्या बैठकीला किंवा त्याहून वर बांधला तर प्रत्येक ओढ मूर्तीला पुढे झुकवते. वळणावर तर दोर तिरका येतो आणि ओढ कडेने लागते, म्हणजे जिकडे शिल्लक सगळ्यात कमी तिकडेच. सी. पी. टँकसारख्या अरुंद वळणावर सगळ्यांनी दोर ढिला सोडून ट्रॉली आधी पूर्ण थांबवावी, चाकं वळवावीत आणि मग हळूच ओढ द्यावी.

पुलांचा स्वतःचाही हिशेब असतो. करी रोड आणि चिंचपोकळीच्या जुन्या रेल्वेपुलांवर एका वेळी १६ टनांपेक्षा जास्त भार नको, पुलावर थांबून नाचू नका, अशा सूचना महापालिकेने दिलेल्या आहेत. सोळा टन ऐकायला पुष्कळ वाटतात. ५ टनांची ट्रॉली आणि सोबत ६५ किलोंचे १०० जण म्हणजे साडेअकरा टन झालेच. मागून दुसऱ्या मंडळाची तशीच ट्रॉली तशाच गर्दीसह पुलावर आली की २३ टन. पुढचा गणपती पूल उतरेपर्यंत मागच्याने खाली थांबायचं, ही शिस्त या बेरजेतून आलेली आहे.

आतापर्यंतचं सगळं चार चाकांच्या ट्रॉलीबद्दल झालं. तिचा पूर्ण भार तिच्याच चाकांवर असतो, पुढची दांडी फक्त ओढण्यासाठी. पण मिरवणुकीत दोन चाकांची गाडीही असते. जनरेटर, दिव्यांचं सामान, स्पीकर असं काहीतरी तिच्यावर लादून ती जीपला किंवा टेम्पोला टोचन केलेली असते. इथे नियम वेगळा आहे. अमेरिकेत लोक सुट्टीला जाताना राहण्याची खोली असलेला ट्रेलर गाडीमागे जोडतात आणि त्याच्या मागच्या भागात मोटरसायकली चढवतात. त्याला तिकडे टॉय हॉलर म्हणतात. तिथला पाठ असा की ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहावा ते सातवा हिस्सा पुढच्या जोडावर, म्हणजे हुकावर, पडला पाहिजे. मोटरसायकली मागे चढल्या की सी-सॉसारखं पुढचं टोक हलकं होतं. हुकावरचं वजन कमी पडलं की वेगात ट्रेलरची शेपटी डावी-उजवी होऊ लागते. भार आसाच्या मागे असला तर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो आणि शेवटी तो ओढणाऱ्या गाडीलाही फिरवतो. उलट हुकावर फार वजन आलं तर ओढणाऱ्या गाडीचा मागचा भाग दबतो, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही.

आपल्या जनरेटरच्या गाडीला हे लावून बघू. समजा रिकामी गाडी ९०० किलोची, हुकावर तिचे ९० किलो पडतात, आणि आसापासून हुक १० फुटांवर आहे. ६०० किलोचा जनरेटर आसाच्या १ फूट मागे ठेवला तर हुकावरचे ६० किलो कमी होऊन ३० उरतात. दीड टनाच्या गाडीला ते जेमतेम २ टक्के झाले, म्हणजे धोका. तोच जनरेटर आसाच्या १ फूट पुढे ठेवला की हुकावर १५० किलो, बरोबर १० टक्के. दोन फुटांच्या सरकण्याने एवढा फरक पडतो. मोजायचं असेल तर सुटी केलेली गाडी पूर्ण काट्यावर ठेवून वजन घ्यायचं, मग टेम्पोला जोडून फक्त गाडीची चाकं काट्यावर ठेवून पुन्हा घ्यायचं. दोन्हींतला फरक म्हणजे हुकावरचं वजन. डिझेलचे कॅन आणि केबलची बंडलं मागच्या फळीवर टाकायची सवय सगळीकडे दिसते. ती आसाच्या पुढे, खाली आणि बांधून ठेवावीत.

चौपाटीवर पोचलं की गणित पुन्हा बदलतं. वाळूत चाक रुततं, आणि एका बाजूचं चाक ६ इंच रुतणं म्हणजे दीड खड्डा. महापालिका वाळूवर लोखंडी पत्रे टाकते ते यासाठीच. ट्रॉली पत्र्यावर सरळ रेषेत घ्यावी, पत्र्याच्या कडेवर चाक येऊ देऊ नये, आणि पाण्याजवळ थांबावं लागलं तर एकाच जागी फार वेळ उभं राहू नये, कारण लाट चाकाखालची वाळू काढून नेते. तराफ्यावर चढवायचं असेल तर ट्रॉली आणि तराफा यांची पातळी जुळली पाहिजे, आणि ती पातळी समुद्र ठरवतो. २०२५ मध्ये लालबागचा राजा अनंत चतुर्दशीला, ६ सप्टेंबरला निघाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चौपाटीवर आला, पण भरतीमुळे मूर्ती तराफ्यावर घेता आली नाही. ओहोटीची वाट बघत विसर्जन त्या रात्री झालं. थांबणं हाच तेव्हा बरोबर निर्णय होता. तराफ्यावरही ओळंब्याचाच कायदा चालतो. फरक एवढाच की जमीन कलत नाही, तराफा कलतो, म्हणून मूर्ती चढत असताना एका कडेला गर्दी होऊ न देण्याची काळजी तिथे दुप्पट घ्यायची.

आणि मग पहाटे रिकामी ट्रॉली परत निघते. सगळे थकलेले, रस्ता मोकळा, टेम्पोचा वेग वाढतो. आतापर्यंत माणसाच्या चालीने आलेली ट्रॉली ताशी ३० किलोमीटरने धावू लागते आणि तिला स्वतःचे ब्रेक नसतात. उरलेले बांबू, पाट, मांडवाचं कापड मागच्या टोकावर फेकलेलं असतं. ते मध्यावर आणून दोराने आवळावं. दांडीच्या पिनेसोबत एक साखळी लावावी, म्हणजे पिन निघाली तरी ट्रॉली सुटणार नाही. मागे लाल दिवा किंवा लाल रिफ्लेक्टर बांधावा. टेम्पो ताशी १५ च्या वर नेऊ नये, आणि ट्रॉलीवर झोपून कुणाला घरी नेऊ नये.